धुक्याच्या काठावरचा प्रकाश : पहाटेच्या छायाचित्रणाची पहिली ओळख

धुक्याची छायाचित्रे काढायला निघालेला नवखा माणूस बहुधा दाट धुक्याच्या मधोमध जाऊन उभा राहतो आणि चहूकडे एकसारखा राखाडी पडदा दिसू लागला की हिरमुसून परततो. झाडांमधून उतरणाऱ्या किरणशलाका, पांढरे इंद्रधनुष्य, स्वतःच्या सावलीभोवती उमटणारे रंगीत वलय, सूर्यबिंबाभोवतीचे प्रभामंडळ, हे या वेळेचे दुर्मीळ प्रकाशप्रकार जवळजवळ सगळे धुक्याच्या काठावर घडतात. हा काठ जागेचा असतो, म्हणजे धुके संपून मोकळी हवा सुरू होते तो पट्टा; आणि तो वेळेचाही असतो, म्हणजे धुके विरळ व्हायला लागल्यापासून पूर्ण उठेपर्यंतचा अवधी. हा काठ आधी हेरणे, तिथे वेळेपूर्वी पोचणे आणि सूर्याकडे तोंड करायचे की पाठ हे ठरवणे, एवढे जमले तर साध्या मोबाइलवरही उत्तम चित्र मिळते. आणि हे चुकले तर महागडी लेन्सही उपयोगाला येत नाही. म्हणून या लेखात आधी हवा, मग जागा आणि दिशा, आणि त्यानंतर कॅमेरा असा क्रम ठेवला आहे.

आदल्या संध्याकाळी काय पाहावे

धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली आली की हवामानशास्त्रात त्याला धुके म्हणतात; त्याहून विरळ धूसरपणा त्या व्याख्येत बसत नाही, पण छायाचित्रकाराला तो कित्येकदा दाट धुक्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. मोकळ्या रानात सकाळी दिसणारे बहुतेक धुके रात्री जमीन निवल्यामुळे तयार होते. आकाश निरभ्र असले की जमिनीची उष्णता अडवायला ढग नसतात, ती वर निघून जाते, जमिनीलगतची हवा थंड होत जाते, आणि तिचे तापमान दवबिंदूपर्यंत उतरले की हवेतल्या बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. यासाठी रात्र मोठी असावी, जमीन ओली असावी आणि वारा अगदी मंद असावा. वारा पूर्णपणे पडला तर ओल दवाच्या रूपाने गवतावरच बसते. हलकी झुळूक असली तर गारवा काही मीटर उंचीपर्यंत मिसळतो आणि धुक्याचा थर तयार होतो. वारा वाढला तर वरची कोरडी हवा खाली येऊन सगळे विस्कटते.

त्यामुळे आदल्या संध्याकाळी हवामानाच्या अंदाजात चार गोष्टी पाहाव्यात : पहाटेचे किमान तापमान, त्या वेळचा दवबिंदू, वाऱ्याचा वेग आणि ढगांचे प्रमाण. तापमान आणि दवबिंदू यांतले अंतर पहाटे २ ते ३ अंश सेल्सिअसच्या आत येणार असेल, आकाश मोकळे असेल आणि वारा नावापुरता असेल, तर गजर लावायला हरकत नाही. दुपारी पाऊस पडून संध्याकाळी आकाश निवळले असेल तर शक्यता आणखी वाढते. एकाच ठिकाणाचे आकडे काही आठवडे पाहत राहिले आणि सकाळी प्रत्यक्ष काय झाले ते लिहून ठेवले, की त्या परिसराचा स्वभाव कळू लागतो. कोणत्याही ॲपपेक्षा ही ओळख अधिक भरवशाची ठरते.

जागा दिवसा पाहून ठेवावी

थंड हवा जड असल्यामुळे ती उताराने खाली वाहते आणि सखल भागात साचते. नदीकाठची कुरणे, तळ्याभोवतीची शेते, दोन टेकड्यांमधली खळगी, या ठिकाणी धुके सर्वात आधी बसते आणि सर्वात उशिरा उठते. अशा धुक्याच्या थराची जाडी काही मीटरपासून शे-दोनशे मीटरपर्यंत असू शकते, म्हणून आदर्श जागा म्हणजे खोलगट भाग आणि त्याला लागून असलेली, पायी सहज चढता येईल अशी टेकडी. टेकडीच्या उतारावरून वर-खाली सरकत राहिले तर धुक्याचा काठ आपल्याला गाठता येतो. सपाट मैदानात मात्र तो आपल्यापर्यंत येण्याची वाट पाहावी लागते.

दिवसाउजेडी एकदा तिथे जाऊन यावे. सूर्य कोणत्या दिशेला उगवणार ते होकायंत्राने किंवा सूर्याची दिशा दाखवणाऱ्या ॲपने पाहावे आणि अशी जागा निवडावी जिथून पूर्व आणि पश्चिम या दोन्ही बाजू मोकळ्या दिसतात. मी तर पश्चिमेच्या मोकळेपणाला अधिक महत्त्व देईन, कारण पूर्वेकडे सगळ्यांचेच लक्ष असते आणि खरा अद्भुत प्रकार पुष्कळदा पाठीमागे घडत असतो. चित्रात आधार देतील अशा वस्तू याच वेळी हेरून ठेवाव्यात : एकटे झाड, वळणावळणाची पायवाट, काटेरी तारेचे कुंपण, बांधावरची झुडपे. पहाटेच्या अंधारात धोक्याच्या ठरणाऱ्या गोष्टी, म्हणजे कठडा नसलेली विहीर, निसरडा उतार, उघडी गटारे, यांचीही नोंद घ्यावी. जमीन खासगी असेल तर मालकाची परवानगी आधीच घ्यावी आणि उभ्या पिकातून कधीही चालू नये.

सूर्योदयाच्या किमान पाऊण तास आधी पोचावे. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांपर्यंत असतो त्या काळात धुक्यावर निळसर, सावलीविरहित उजेड पसरलेला असतो, आणि दिव्यांचे किंवा खिडक्यांचे पिवळे ठिपके त्यात फार सुंदर उठून दिसतात. शिवाय धुक्याची वरची पातळी कुठे आहे, ते कोणत्या बाजूला सरकते आहे, हे ठरवायलाही तेवढा वेळ लागतोच.

सूर्याकडे तोंड केल्यावर

धुक्याच्या थेंबांचा व्यास साधारणपणे १० ते २० मायक्रोमीटर असतो. एवढ्या आकाराचे थेंब आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश फारसा न वळवता पुढच्या दिशेनेच विखुरतात. म्हणूनच सूर्याकडे पाहताना धुके उजळून सोनेरी दिसते आणि सूर्य पाठीशी घेतला की तेच धुके फिके, पांढरट वाटते. किरणशलाकांचे रहस्यही यातच आहे. झाडाच्या फांद्या मधे आल्या की धुक्यात त्यांच्या मागे सावलीचे लांबच लांब पट्टे तयार होतात, फटींमधून आलेला उजेड त्यांच्या शेजारी चमकतो, आणि डोळ्यांना शलाका दिसतात. या शलाका प्रत्यक्षात एकमेकींना समांतर असतात. दूरवर जाणारे रूळ एकत्र येताना दिसतात त्याच दृष्टिभ्रमामुळे त्या सूर्यापासून पंख्यासारख्या फाकलेल्या भासतात.

शलाकांसाठी धुके विरळ हवे आणि सूर्य थोडा वर आलेला हवा. फार दाट धुक्यात प्रकाश इतक्या वेळा विखुरतो की सावल्या पुसल्या जातात. झाड निवडताना गर्द, भरगच्च झाड टाळावे. पानांमध्ये फटी असलेले किंवा निष्पर्ण झाड जास्त चांगले. झाडाच्या सावलीत उभे राहून सूर्यबिंब बुंध्यामागे किंवा जाड फांदीमागे पूर्ण लपेल असे पाऊलभर डावी-उजवीकडे सरकावे. बिंब झाकले गेले की चित्रातला डोळे दिपवणारा पांढरा डाग जातो आणि शलाका एकदम स्पष्ट होतात. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो आणि त्याच्या बिंबाची रुंदी साधारण अर्धा अंश असते, म्हणजे दोनच मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. त्यामुळे बारीक फांदीआड लपवलेला सूर्य पाहता पाहता बाहेर येतो, आणि प्रत्येक दोन-तीन चित्रांनंतर आपली जागा बोटभर बदलावी लागते. ट्रायपॉड एकदा लावून विसरून जाण्याची ही वेळ नव्हे.

कॅमेऱ्याला आरशाचा दृश्यदर्शक असेल तर त्यातून, विशेषतः लांब पल्ल्याच्या लेन्सने, उघड्या सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मागच्या पडद्यावर पाहून चौकट जुळवावी.

धुके अगदी पातळ झाले की सूर्याभोवती प्रभामंडळ दिसू शकते : मधोमध निळसर-पांढरी झळाळी आणि तिच्या कडेला तांबूस किनार, कधी त्याबाहेर आणखी एखादे फिके वलय. सूक्ष्म थेंबांजवळून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो कडेने वळून पसरतो, त्यामुळे हे घडते. थेंब जितके लहान तितके वलय मोठे, आणि थेंब एकसारख्या आकाराचे असतील तर रंग अधिक शुद्ध दिसतात. सूर्य एखाद्या खांबाआड घ्यावा आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, बरेच कमी करावे, नाहीतर वलय पांढऱ्यात विरघळून जाते.

सूर्याकडे पाठ केल्यावर

आता या लेखाच्या सर्वात महत्त्वाच्या भागाकडे येऊ. शलाकांमध्ये गुंतलेल्या माणसाने दर काही मिनिटांनी मागे वळून पाहण्याची सवय लावून घ्यावी. सूर्य पाठीमागे मोकळा झाला आहे आणि समोर धुके अजून रेंगाळते आहे, अशी स्थिती आली की त्या धुक्यावर एक रुंद, पांढरी, फिकट कमान उमटते. हे धुक्यातले पांढरे इंद्रधनुष्य होय. पावसाचे थेंब मिलिमीटरच्या मापाचे असतात, त्यामुळे त्यांच्यातून बाहेर पडणारे रंग वेगवेगळ्या अरुंद पट्ट्यांत राहतात. धुक्याचे थेंब त्याच्या शंभराव्या भागाएवढे असतात. विवर्तनामुळे प्रत्येक रंगाचा पट्टा इतका फुगतो की सगळे एकमेकांवर येतात आणि पांढरा रंग उरतो. नीट पाहिले तर बाहेरच्या कडेला किंचित तांबूस आणि आतल्या कडेला किंचित निळसर छटा सापडते.

ही कमान शोधण्याची पद्धत अगदी सोपी आहे. जमिनीवर पडलेली आपल्या डोक्याची सावली हा तिचा केंद्रबिंदू. नेहमीच्या इंद्रधनुष्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश असते, आणि पांढऱ्या धनुष्याची त्याहून थोडी कमी. हात सरळ लांब करून बोटे ताणली तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची वीत साधारण २० अंश भरते. तेव्हा डोक्याच्या सावलीपासून वरच्या दिशेने किंवा बाजूला दोन विती मोजाव्यात आणि तिथे नजर स्थिर ठेवावी. कमान फिकट असल्यामुळे थेट एका जागी टक लावण्यापेक्षा नजर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली तर ती लवकर जाणवते. सूर्य क्षितिजापासून १० अंश वर असेल तर आपल्या डोक्याची सावली क्षितिजाच्या १० अंश खाली असते, म्हणून कमानीचा माथा क्षितिजापासून ३० अंशांच्या आतच राहतो. सूर्य जसा वर चढतो तशी कमान खाली उतरते, आणि सूर्य ४० अंशांवर गेला की सपाट जमिनीवरून ती दिसतच नाही. उंचावर उभे असाल आणि धुके पायथ्याशी असेल, तर मात्र अर्ध्याहून मोठे वर्तुळ पाहायला मिळते.

हे चित्र टिपायला रुंद लेन्स लागते. कमानीची एकूण रुंदी ८० अंशांच्या आसपास भरते. फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स आडवी धरली तर तिच्यात सुमारे ७४ अंशच मावतात, म्हणून २० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद लेन्स हवी. मोबाइलमधला अतिरुंद कॅमेरा हे काम सहज करतो. तो नसेल तर कॅमेरा उभा धरून, प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा एक-तृतीयांश भाग येईल अशा बेताने डावीकडून उजवीकडे चित्रे घ्यावीत आणि नंतर जोडावीत. नुसती कमान मात्र चित्र होत नाही. तिच्या एका पायाशी एखादे झाड, किंवा मधोमध पायवाट आणि चालणारा माणूस आला, तर पाहणाऱ्याला तिचा आकार कळतो. पोलरायझर फिल्टर या वेळी काढून ठेवलेला बरा. धनुष्यातला प्रकाश ध्रुवित, म्हणजे बहुतेक एकाच दिशेने कंप पावणारा, असल्यामुळे फिल्टरची दिशा चुकली तर कमान फिकी पडते.

टेकडीच्या कडेवर उभे असताना सूर्य पाठीशी आणि धुके पायाखाली असेल, तर आपली सावली धुक्यावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत वलये दिसतात. डोंगरभटक्यांना हे इंद्रवज्र परिचित आहे. धनुष्यापेक्षा हे वलय पुष्कळ लहान, बहुधा एखाद्या वितीच्या आत मावणारे असते, आणि रंग मात्र स्पष्ट असतात : आत निळसर, बाहेर तांबडा. सावली राक्षसी वाटते, कारण ती एका पडद्यावर न पडता धुक्याच्या खोलीतून लांबवर पसरलेली असते. जर्मनीतल्या हार्झ पर्वतरांगेतील १,१४१ मीटर उंचीच्या ब्रोकन शिखरावरून योहान झिल्बरश्लाग यांनी १७८० मध्ये अशा सावलीचे वर्णन केले, आणि तेव्हापासून तिला त्या शिखराचेच नाव पडले. स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत १८९४ मध्ये ही वलये पाहून भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांना प्रयोगशाळेत ढग तयार करण्याची इच्छा झाली. त्यातून मेघपेटी, म्हणजे अदृश्य कणांचे मार्ग थेंबांच्या रेघांनी दाखवणारे उपकरण, जन्माला आली आणि १९२७ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका सकाळच्या नीट पाहण्यातून केवढे काम उभे राहू शकते याचे मला नेहमीच अप्रूप वाटते.

इंद्रवज्राबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी प्रत्येकाला वलय फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते. चित्रात त्याचे केंद्र कॅमेऱ्याच्या जागी येते, म्हणून कॅमेरा छातीशी धरला तर वलय सावलीच्या छातीभोवती उमटेल. डोक्याभोवती हवे असेल तर तो डोळ्यांशी धरावा. ट्रायपॉडपासून दूर उभे राहून चित्र घेतले तर वलय ट्रायपॉडच्या सावलीभोवती येते आणि मजा जाते.

धुके उठून गेल्यावरही लगेच निघू नये. दवाने भिजलेल्या गवतावर लांब सावली पडलेली असताना डोक्याच्या सावलीभोवती एक पांढरी झळाळी दिसते, कारण दवाचा प्रत्येक थेंब भिंगासारखा प्रकाश गवताच्या पात्यावर एकवटतो आणि तो आल्या वाटेने परत पाठवतो. याच वेळी कुंपणाच्या तारांमधली कोळ्यांची जाळी पाहावी. एखाद्या जाळ्याच्या इतके जवळ जावे की चौकटीत फक्त तीन-चार धागे राहतील, सूर्य समोर पण थोडा बाजूला घ्यावा, आणि मागे सावलीतला काळसर बांध येईल असे बसावे. मग धाग्यावर ओळीने बसलेले थेंब एकेक करून पेटल्यासारखे दिसतात, प्रत्येकात मागचे रान उलटे उमटलेले असते, आणि फोकसबाहेर गेलेल्या थेंबांमध्ये लाल-हिरव्या ठिणग्या सापडतात. जाळ्याला धक्का लावू नये, आणि त्यावर पाणी शिंपडण्याचा मोह तर मुळीच धरू नये.

विषय किती दूर असावा

धुक्यात वस्तूचा उठाव, म्हणजे पार्श्वभूमीपासून तिचे उठून दिसणे, अंतराबरोबर झपाट्याने घटतो, आणि हे घटणे एका नियमाने होते. काळी वस्तू जिथे तिच्या मूळ उठावाच्या २ टक्क्यांवर येऊन दिसेनाशी होते ते अंतर म्हणजे दृश्यमानता असे धरले, तर तिच्या निम्म्या अंतरावर मूळ उठावाचा सुमारे १४ टक्के आणि चौथ्या भागाएवढ्या अंतरावर सुमारे ३८ टक्के भाग शिल्लक राहतो. याचा व्यवहारातला अर्थ असा : २०० मीटरवरची झाडे जेमतेम दिसत असतील, तर मुख्य झाड ५० मीटरच्या आत हवे, १०० मीटरवरचे झाड नुसती छाया म्हणून येईल आणि त्यापलीकडचे फक्त सूचना म्हणून. एकामागे एक असे तीन थर चौकटीत आले की चित्राला आपोआप खोली येते. ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स इथे फार कामाची आहे, कारण ती दूरचे थर जवळ आणते आणि आजूबाजूची गर्दी वगळते. पण लेन्स कितीही लांब असली तरी मधले धुके ती कमी करू शकत नाही.

एक्स्पोजर, फोकस आणि रंग

कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे मानून हिशेब करतो. धुके त्याहून उजळ असते, त्यामुळे स्वयंचलित चित्र काळवंडलेले, मळकट येते. सूर्य पाठीशी किंवा बाजूला असताना एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड वाढवण्या-घटवण्याची सोय) +०.७ ते +१.३ ठेवावे. सूर्य समोर असताना मात्र शून्य किंवा -०.७ पासून सुरुवात करावी आणि सूर्याजवळचे सोनेरी धुके जळणार नाही याकडे लक्ष द्यावे; बिंब स्वतः पांढरे पडले तर चालते. हिस्टोग्रॅममध्ये (डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ छटा दाखवणाऱ्या आलेखात) धुक्याच्या चित्राचा आलेख एका अरुंद उंचवट्यासारखा दिसतो. तो पाहून नवखा माणूस घाबरतो, पण विरळ उठावाच्या दृश्याचा आलेख असाच असायला हवा. उंचवटा मध्याच्या थोडा उजवीकडे असावा आणि उजव्या भिंतीला टेकलेला नसावा, एवढे पुरेसे आहे.

अ‍ॅपर्चर एफ/८ (लेन्सच्या छिद्राचे माप), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ते ४००, आणि ट्रायपॉड, ही सुरुवातीची मांडणी ठेवावी. हातात धरून घेताना शटरचा वेग निदान लेन्सच्या लांबीच्या व्यस्ताइतका असावा, म्हणजे २०० मिलिमीटरला १/२०० सेकंद. सरकणाऱ्या धुक्याचे पुंजके टिपायचे असतील तर १/१२५ च्या आसपास वेग हवा. टेकडीवरून ओघळणारे धुके दुधाळ प्रवाहासारखे हवे असेल तर उजाडण्यापूर्वी २० ते ३० सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे. पांढऱ्या धनुष्याची एकाच मांडणीत लागोपाठ अनेक चित्रे घेऊन ठेवावीत, कारण चार चित्रांची सरासरी काढली की त्यातला यादृच्छिक दाणेदारपणा निम्म्यावर येतो आणि फिकट कमान वर काढणे सोपे जाते.

स्वयंचलित फोकस उठावाच्या आधारावर चालतो आणि धुक्यात तोच नसतो, म्हणून लेन्स पुढे-मागे घुटमळत राहते. एकच फोकसबिंदू निवडून तो बुंध्याच्या कडेवर किंवा कुंपणाच्या खांबावर ठेवावा, फोकस झाला की मॅन्युअलवर न्यावे आणि मग चौकट जुळवावी.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल ठरवणारी मांडणी, स्वयंचलित ठेवू नये. पहाटेचा निळेपणा आणि सूर्योदयानंतरचे सोनेरीपण हाच या वेळेचा जीव आहे, आणि स्वयंचलित यंत्रणा नेमके तेच पुसून टाकू पाहते. दिवसाच्या उजेडाची म्हणजे सुमारे ५,२०० ते ५,५०० केल्विनची मांडणी कायम ठेवावी. रॉ फाइल (प्रक्रिया न केलेले मूळ चित्र) घेता येत असेल तर तीच घ्यावी; धुक्यातल्या हळुवार छटा ८ बिटच्या जेपेगमध्ये फार ओढल्या तर त्यांचे पट्टे पडतात.

मोबाइलवर धुक्याच्या उजळ भागावर बोट दाबून धरावे, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद झाले की पट्टी वर-खाली करून उजेड ठरवावा. बोटांनी ताणून मोठे करणे टाळावे. आपोआप उठाव वाढवणारी किंवा दृश्य ओळखून रंग भडक करणारी सोय बंद करता येत असेल तर जरूर करावी, कारण ती धुक्यालाच दोष समजून साफ करू लागते.

ओल, थंडी आणि सुरक्षितता

धुक्यातली हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असते, म्हणून लेन्स हवेपेक्षा किंचितही थंड झाली की तिच्यावर दव बसते. लेन्सला हुड लावावे, चित्र घेत नसताना ती आकाशाकडे न ठेवता जमिनीकडे वळवावी, आणि मऊ कोरडी फडकी एकापेक्षा जास्त ठेवावीत. तोंडाने फुंकर मारू नये, त्याने आणखी वाफ बसते. फार थंडीत लेन्सच्या बाहेरच्या नळीला हात शेकण्याची छोटी पुडी रबराने बांधली की काच कोरडी राहते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. परतल्यावर उबदार खोलीत लगेच कॅमेरा काढू नये. तो बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा.

रस्त्यावर किंवा रेल्वेमार्गावर उभे राहून चित्रे घेऊ नयेत. आपल्याला वाहन दिसत नसते तसे चालकालाही आपण दिसत नसतो, आणि धुक्यात अंतराचा व आवाजाचा अंदाज चुकतो. स्वतः वाहन चालवत असाल तर हेडलाइट खालच्या झोतावर ठेवावा, कारण वरचा झोत धुक्यावरून परत येऊन डोळ्यांवरच येतो. उजळ रंगाचे जाकीट, टॉर्च आणि मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला नकाशा जवळ असावा.

घरी आल्यावर

संस्करण करताना धूसरपणा काढणारी पट्टी संपूर्ण चित्रावर चालवू नये. ज्यासाठी पहाटे उठलो तेच ती काढून टाकते. कमान किंवा शलाका जिथे आहेत तेवढ्याच भागावर ब्रशने, अगदी थोड्या प्रमाणात ती वापरावी. काळा बिंदू (सर्वात गडद छटा ठरवणारी पट्टी) ओढून दूरच्या झाडांना गडद काळे करू नये, कारण धुक्यापलीकडच्या वस्तूत खरा काळा रंग नसतोच. जवळच्या बुंध्यात तो असेल तर तिथेच राहू द्यावा. पांढऱ्या धनुष्यात भडक रंग भरणे मला सरळसरळ खोटेपणा वाटतो. त्या कमानीचे वैशिष्ट्य तिच्या पांढरेपणात आहे.

शेवटी प्रत्येक सकाळची नोंद ठेवावी : सूर्योदयाची वेळ, पहाटेचे तापमान व दवबिंदू, वारा, धुक्याची वरची पातळी टेकडीवर कुठपर्यंत होती, ते कोणत्या बाजूने आणि किती वाजता विरळ होऊ लागले, आणि शलाका किंवा कमान नेमकी कोणत्या मिनिटाला, कुठे उभे असताना दिसली. चित्रांच्या फायलींमध्ये वेळ आपोआप नोंदलेली असते, तेव्हा कॅमेऱ्याचे घड्याळ आधीच अचूक लावून घेतले तर या नोंदीचे निम्मे काम होऊन जाते.